फिस्क साहेबाचा वाटा

आमच्या घराण्याकडे एका मेलेल्या इंग्रजाला मासा वाढण्याचा मान आहे.

हे वाक्य आज मी ताठ मानेने लिहिते. पाच वर्षांपूर्वी कुणी ते माझ्यासमोर उच्चारलं असतं, तर मी त्याच्या हातात पत्रक ठेवलं असतं. माझ्या पिशवीत पत्रकं कायम असायची. कशाविरुद्ध, ते त्या आठवड्यावर अवलंबून. मालवणातल्या छापखान्याचे मालक मला दारात बघितलं की काही न विचारता लाल शाईचा डबा उघडायचे. (जाहीर निषेध काळ्या शाईत केला तर तो निधनवार्तेसारखा दिसतो, असं माझं ठाम मत होतं. अजूनही आहे.)

आधी मान कसा आला ते सांगते. आमची वाडी रापणकरांची. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. होडी समुद्रात अर्धगोल फिरून जाळं टाकत जाते आणि त्याच्या दोन टोकांच्या दोऱ्या वाळूत उभी असलेली माणसं ओढतात. शे-दीडशे हात लागतात. रापणीचा कायदा एका ओळीचा आहे: दोरीला ज्याचा हात लागला, त्याला वाटा. तो कोण, कुठला, काल कोणाशी भांडला, हे विचारायचं नाही.

तर माझ्या पणजोबांच्या बापाच्या काळात एक गोरा साहेब समुद्राची खोली मोजायला आला. खोली त्याला फार जवळून कळली. त्याची होडी उलटली आणि तो आमच्या रापणीत आला. बांगड्यांसकट. लोकांना वाटलं, गेला. पण साहेब वाळूत उठून बसला, पोटातलं पाणी बाहेर टाकलं आणि कुणी काही बोलायच्या आत दोरी धरून सगळ्यांबरोबर जाळं ओढायला लागला. झालं. दोरीला हात लागला. आमच्या त्या पूर्वजाने, जो तेव्हा रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या होता, साहेबाच्या वाट्याचे मासे टोपलीत घालून त्याच्यापुढे ठेवले. साहेबाने छातीवर हात आपटून नाव सांगितलं, फिस्क. मग टोपलीकडे बोट दाखवलं, समुद्राकडे दाखवलं, मागाहून येतो अशी खूण केली, आणि निघून गेला.

परत आला नाही.

आता दुसऱ्याचा वाटा खायचा कसा? आमच्या वाडीत नवऱ्याचं डोकं बायका खुशाल खातात, पण वाटा कुणी कुणाचा खात नाही. मग ठरलं की तो येऊन नेईपर्यंत त्याचा वाटा राखायचा. तेव्हापासून नारळी पौर्णिमेनंतर पहिली रापण लागली की पहिला मासा आमच्या घरातला कर्ता पुरुष किनाऱ्याच्या टोकाच्या खडकावर नेऊन ठेवतो. गावचे पहिले मानकरी, गावकर तात्या, गाऱ्हाणं घालतात, "बा फिस्का, म्हाराजा, तुझो वाटो तुका पावतो केलो, दर्यात गेल्लो आमचो माणूस सुखरूप घरात पोचव रे म्हाराजा." आणि सगळा किनारा म्हणतो, "व्हय म्हाराजा!" मग मासा कावळा नेतो.

बाबा तो मासा ठेवून परत येईपर्यंत वाटणी सुरू होत नाही. म्हणजे वर्षातून दहा मिनिटं अख्खी वाडी माझ्या बाबांची वाट बघते. उरलेलं वर्ष बाबांची वाट कोणीच बघत नाही, घरीसुद्धा. घर आई चालवते. मालवणच्या बाजारात मासे विकते, आणि तिच्याशी भाव करायला येणारं गिऱ्हाईक आधी देवाला नारळ ठेवून येतं असं म्हणतात. अशा घरात बाबांकडे स्वतःचं म्हणावं असं एकच होतं: ती दहा मिनिटं.

ती घालवायला मी निघाले.

दोन हजार पाच साली आमच्या संघटनेने इंग्रजांच्या खुणा पुसण्याची मोहीम काढली होती. कुडाळच्या बैठकीत मी तावातावाने बोलून खाली बसले, तर मागच्या बाकावरून दोडामार्गचा एक कार्यकर्ता म्हणाला, "ताई, तुमच्याच घरात इंग्रजाला नैवेद्य दाखवतात म्हणे?" सगळे हसले. मी हसले नाही. मी थेट छापखान्यात गेले.

पत्रकाचं नाव होतं ‘फिस्क, चालते व्हा’. त्यात मी विचारलं होतं की ज्याने आमचा समुद्र मोजला, तो आमचा मासा का खातो. (खातो कावळा. पण पत्रकात कावळ्याला जागा नव्हती.) दोन हजार प्रती छापल्या. पाचशे वाटल्या. आईने ओट्यावरचा गठ्ठा बघितला, एक कागद दोन बोटांत धरून जाडी पाहिली आणि म्हणाली, "बरो घट्ट आसा गो. पाणी सुटणा नाय." त्या आठवड्यात अर्ध्या मालवणला माझा निषेध सुरमईभोवती गुंडाळून मिळाला. माझ्या कुठल्याही पत्रकाचा एवढा प्रसार त्याआधी झाला नव्हता.

बाबा मात्र एक पत्रक घेऊन अंगणात बसले, ओळीवरून बोट फिरवत सगळं वाचलं आणि नीट घडी घालून खिशात ठेवलं.

"ह्या तुया लिवलंस?"

"हो. आणि त्यातल्या प्रत्येक शब्दावर मी ठाम आहे."

"घरात तरी भाषणातला मराठी नको बोला गो बाये," ते म्हणाले. मग जरा थांबून, "अक्षर बरा आसा."

"बाबा, ते छापील आहे."

"तरी पण."

ते माझ्या लक्षात राहिलं. पण मी थांबले नाही, कारण मला पुरावा हवा होता. फिस्क जुलमी होता, हे सिद्ध केलं की काम झालं. म्हणून मी बाजारातल्या सायबर कॅफेत जाऊन बसले आणि त्याचं नाव शोधलं.

जुलूम सापडला नाही. सापडलं ते एक पान, पिवळ्या रंगाचं, कडेला हलणाऱ्या माशाचं चित्र. इंग्लंडातल्या कुणा निवृत्त शिक्षकाने आपल्या आडनावासाठी, आणि फक्त आपल्या आडनावासाठी, ते बनवलं होतं. फिस्क हे आडनाव आलं कुठून, त्याचा अर्थ काय, आणि कुठल्या परगण्यात हे लोक किती दाट, किती विरळ. नकाशा होता. नकाशावर ठिपके होते. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर गोवर उठल्यासारखे, आणि पश्चिमेकडे चार-दोन चुकार. शेवटी नम्र विनंती: आपल्या भागात कुणी फिस्क आढळल्यास कळवावे.

मी कळवलं. माझं इंग्रजी पदवीपुरतं होतं आणि संताप त्याहून जास्त, त्यामुळे मी मराठीत जसं लिहिते तसंच इंग्रजीत लिहिलं. आमचा गाव तुमच्या फिस्कला दर नारळी पौर्णिमेनंतर मासा वाढून पिढ्यान् पिढ्या पोसत आला आहे. हे आम्ही यापुढे खपवून घेणार नाही. आणि शेवटी, प्रत्येक पत्रकाला असावा तसा दणदणीत शेवट: ‘तुमचे जे काही आमच्याकडे असेल, ते या आणि घेऊन जा!’

पत्रकाच्या शेवटच्या ओळीप्रमाणे कोणी वागत नसतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. ‘पेटून उठा’ लिहिलं म्हणून कोणी काडेपेटी घेऊन येत नाही. पण इंग्रजांना पत्रकाची सवय नसावी. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्या पानाचे मालक, मिस्टर फिस्क, यांना अतिशय आनंद झाला होता. हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर त्यांच्याकडे एकही ठिपका नव्हता. निमंत्रणाबद्दल ते आभारी होते. नारळाच्या सणानंतर ते स्वतः येणार होते, आणि जे काही असेल ते घेऊन जाणार होते.

मी घरी सांगितलं ते जरा घाबरत, पण आतून विजयी मुद्रेने. एका दगडात दोन पक्षी: साहेबाचा वाटा साहेबाच्या वंशजाला दिला की प्रथा आपोआप बंद.

बाबांच्या हातातला घास ताटात परत गेला.

"तो येवन नेय सर वाटो ठेवचो, असा ठरलेला," ते म्हणाले. "तो येतासा?"

"हो."

"नेतलो?"

"नेणार म्हणतोय."

"म्हणजे संपला," बाबा म्हणाले आणि हात धुवायला उठले. अर्धी बांगड्याची कढी तशीच सोडून उठले. आईने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचं वर्णन मी करणार नाही, मला अजून त्याच घरात राहायचं आहे.

"वर्षातून एकदा तो माणूस घरात येताना ताठ येता," ती हळूच म्हणाली. "ता पण तुका बघवला नाय?"

मला आयुष्यात खूप लोकांनी खूप ठिकाणी गप्प करायचा प्रयत्न केलाय. जमलं ते आईलाच, तेही आवाज न चढवता.

बातमी वाडीत फिरली. वरच्या अंगाला राहणारे भाईकाका खुश झाले. मान आमच्याकडे असल्याने गावऱ्हाटीत, म्हणजे गावच्या मानपानाच्या रांगेत, आमचं घर त्यांच्या घराच्या एक पाऊल पुढे उभं राहायचं, आणि त्या एका पावलाने त्यांना चार पिढ्या टोचलं होतं. देवळासमोरच्या मांडावर सगळे जमले तेव्हा त्यांनी विषय काढला. "तात्यानू, मालक येतासा. तो आपलो वाटो घेवन गेलो की मान खलास. मगे आमी सगळी सारकीच. तुमका काय वाटता?"

तात्या गावकर फार विचार करून बोलणारे. त्यांनी पान लावलं, खाल्लं, अर्धं संपवलं, आणि म्हणाले, "नियम तसोच आसा."

बाबा मान खाली घालून वाळूत बोटाने रेघ ओढत बसले होते. ज्या माणसाच्या बाजूने बोलायला कोणीच नाही, त्याच्या बाजूने मी गेली चार वर्षं बोलत आले होते. गिरणी, बंदर, एसटी, पाणी. आता असा माणूस माझ्यासमोर बसला होता, तो माझा बाप होता, आणि त्याच्याविरुद्धचं पत्रक माझं होतं.

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा सायबर कॅफेत गेले आणि ते पिवळं पान पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. संतापाशिवाय वाचलं. मग त्याची छापील प्रत काढली. (काळ्या शाईत. नाइलाज होता.)

मिस्टर फिस्क रापणीच्या दिवशी सकाळी रिक्षातून उतरले. उंच, उकडलेल्या कोळंबीच्या रंगाचे, पायात चपला, डोक्यावर सुती टोपी, बगलेत जाडजूड फाईल. मी औपचारिक स्वागताची वाक्यं जुळवत होते, तोवर त्यांनी वाळूत ओढली जाणारी दोरी बघितली, फाईल माझ्या हातात दिली आणि जाऊन दोरी धरली. माझ्यापुढे उभ्या असलेल्या चार-पाच म्हाताऱ्यांनी एकदम एकमेकांकडे बघितलं. शंभर वर्षांपूर्वीच्या गोष्टीतला माणूस टोपी घालून परत आल्यासारखं झालं.

"तोच रे ह्यो," कोणीतरी पुटपुटलं.

"तो नव्हे," मी ओरडले. "सांगते. जाळं वर येऊ द्या."

जाळं वर आलं. बांगडाच होता, चांदीसारखा, भरपूर. तात्यांनी पहिला मासा उचलला. रिवाजाप्रमाणे तो बाबांच्या हातात द्यायचा. पण त्यांचा हात मध्येच थांबला आणि मिस्टर फिस्क यांच्याकडे वळला. बाबा एक पाऊल मागे सरले. भाईकाका एक पाऊल पुढे आले.

मी मधे उभी राहिले आणि आयुष्यातलं सगळ्यात चमत्कारिक भाषण केलं.

"तात्यानू, थांबा. ह्यो त्या फिस्काचो कोण नाय. ह्याच्याच पानावर लिवलेला आसा." (होय, मी मालवणीत बोलत होते. आई मागाहून म्हणाली की मी पहिल्यांदा माणसासारखं भाषण केलं.) "फिस्क म्हणजे त्यांच्या जुन्या भाषेत मासो. उत्तरेकडसून दर्यावर्दी लोक होड्यांनी तेंच्या किनाऱ्यार इले, तेंचो शब्द. मगे जो मासे मारी, जो मासे इकी, तेका गाव फिस्क म्हणूक लागलो. एकाच गावात नाय, किनाऱ्यावरच्या गावागावात. ह्या गावचो फिस्क त्या गावच्या फिस्काचो कोण नाय. आता सांगा, मुंबैत तुमका धा देवगडकर भेटतत. ते काय सगळे भाऊ? एका देवगडकराची हापूसची पेटी दुसऱ्या देवगडकरान उचलून न्हेली तर चलात?"

आंब्याच्या पेटीचं उदाहरण थेट लागलं. किनाऱ्यावर कुजबूज झाली. मी नकाशा उंच धरला. "ह्ये बघा ठिपके. इतके फिस्क आसत. उद्या सगळे टोपली घेवन इले तर?"

त्या कल्पनेने वाडी हादरली.

"म्हंजे," बाबांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं, "तो आपलो साहेब मूळचो मासे मारणाऱ्यांचोच?"

"व्हय बाबा."

"म्हणान तेना दोरी धरल्यान," बाबा म्हणाले. आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, त्यासाठी मी सगळी लाल शाई परत द्यायला तयार होते. "साहेब असतो तर उभो ऱ्हवलो असतो."

पण भाईकाका सहज हरणारे नव्हेत. "तेकाच इचारा," ते म्हणाले. "तो त्याच घराण्यातलो नसात कशावरसून?"

मी विचारलं. मिस्टर फिस्क यांनी फाईल परत घेतली, वाळूत मांडी घातली आणि एक कागद उलगडला तो चार माणसांना धरावा लागला. वंशावळ. त्यांनी बोटाने वरपासून खालपर्यंत बघितलं. मी मनात देवाला पाच नारळ बोलले. ते खोटं बोलले असते तर त्यांना कुणी धरणार नव्हतं, आणि माझ्याच निमंत्रणावरून तो माणूस अर्धी पृथ्वी ओलांडून आला होता. त्यांनी मान हलवली. त्यांच्या घराण्यातलं कोणीही कधी समुद्र ओलांडून गेलेलं नव्हतं. एक जण लंडनला गेला होता, तो आठवड्यात परत आला.

मी हे मोठ्याने मालवणीत सांगितलं. तात्यांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं आणि मासा बाबांच्या हातात दिला.

बाबा खडकाकडे निघाले. रोज खाडीकडे जातात तसे नाही, फार सावकाश. दर चार पावलांनी थांबून लुंगी नीट करत होते, समुद्र बघत होते, एकदा तर मागे वळून आमच्याकडेही बघून घेतलं. त्या वर्षी दहा मिनिटांची वीस झाली. भाईकाकांसकट अख्खी वाडी, दोन कुत्री आणि एक इंग्रज त्यांची वाट बघत उभे होते, आणि कोणी हूं केलं नाही. व्हय म्हाराजा म्हणताना माझाच आवाज सगळ्यात मोठा होता. दोडामार्गच्या कार्यकर्त्याने ऐकला असता तरी चाललं असतं. इंग्रजासमोर वाकण्याची ती प्रथा नव्हतीच. दिल्या शब्दाला जागण्याची होती, आणि ती आमच्या घराण्याची होती, हे मला दोन हजार पत्रकं छापल्यावर कळलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण वाटणी सुरू झाली, आणि कायदा एका ओळीचा आहे. दोरीला हात लागला होता. तात्यांनी मिस्टर फिस्क यांच्यासमोर टोपली ठेवली, त्यांच्या स्वतःच्या वाट्याची.

ते लाजून आणखी लाल झाले. मला बाजूला घेऊन काहीतरी म्हणाले.

"काय म्हणता?" आईने विचारलं.

"आये, तो मासे खायना नाय. शाकाहारी आसा."

किनाऱ्यावर टोपल्या भरणारे हात थांबले. समुद्रसुद्धा जरा थांबल्यासारखा वाटला. आईने त्या माणसाकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, अंगात काही दुखणं तर नाही ना अशा काळजीने.

"नाव मासो आणि मासे खायना नाय? मगे वाढलो कशार ह्यो?"

मिस्टर फिस्क यांना आमचा अपमान करायचा नव्हता. त्यांनी छातीवर हात ठेवला, टोपलीकडे बोट दाखवलं, समुद्राकडे दाखवलं, आणि इंग्रजीत म्हणाले की कृपया हे माझ्यासाठी राखून ठेवा. माझी बहीण मासे खाते. पुढच्या वर्षी तिला घेऊन येतो.

मी भाषांतर केलं नाही. गरजच नव्हती. ती खूण सगळ्यांना पाठ होती.

या गोष्टीला पाच वर्षं झाली. मिस्टर फिस्क नाताळला कार्ड पाठवतात. त्यांच्या नकाशावर आता मालवणच्या किंचित उत्तरेला एक ठिपका आहे, आणि तो आमच्या रापणीसाठी आहे याचा मला नको तितका अभिमान आहे. बहिणीचे गुडघे दुखतात, त्यामुळे ती अजून आलेली नाही. गुडघे बाबांचेही दुखतात, म्हणून दुसरा मासा, म्हणजे मिस्टर फिस्क यांच्या राखलेल्या वाट्याचा, खडकावर न्यायला गेल्या वर्षापासून मी जाते. बाईमाणसाने मान चालवावा का, असं विचारायला भाईकाकांनी तोंड उघडलं होतं, पण समोर आई उभी दिसली आणि त्यांनी ते मिटलं.

अशा रीतीने, गावातल्या इंग्रजांना हटवायला निघालेल्या या कार्यकर्तीच्या कारकिर्दीत गावातले इंग्रज एकाचे दोन झाले. दोन्ही मासे ओल्या खडकावरून घसरू नयेत म्हणून खाली दर वर्षी एक घट्ट कागद लागतो. ‘फिस्क, चालते व्हा’च्या अजून चारशे प्रती शिल्लक आहेत. चारशे वर्षांची काळजी मिटली.